दिवस भरल्यावर: घरचं बाळंतपण आणि दवाखान्याचं दार

एका पिढीच्या आत महाराष्ट्रातलं बाळंतपण घरातून उठून दवाखान्यात गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत राज्यातल्या शंभरातल्या ६५ बायका दवाखान्यात बाळंत होत होत्या. २०१५-१६ मध्ये हा आकडा ९० झाला आणि २०१९-२१ मध्ये जवळजवळ ९५. ज्यांनी स्वतःची पाच-सहा मुलं माजघरात, सुईणीच्या हाती जन्माला घातली, त्यांच्याच नाती आज सोनोग्राफीची फाईल घेऊन दर महिन्याला तपासणीच्या रांगेत बसतात. घरात झालेला इतका मोठा बदल इतक्या कमी बोलण्यात क्वचितच झाला असेल.

उरलेल्या पाच टक्क्यांत बऱ्याच बायका भामरागड, एटापल्ली, धारणी, चिखलदरा, धडगाव, अक्कलकुवा, मोखाडा, जव्हार अशा तालुक्यांतल्या आहेत. त्यांच्या घरी बाळंतपण होतं त्यामागे परंपरा आहे आणि नसलेला रस्ताही आहे. दुसरीकडे पुणे-मुंबईत आणि गोव्यात, सगळी साधनं हाताशी असलेल्या काही जणी आता विचारपूर्वक घरच्या, ‘नैसर्गिक’ बाळंतपणाकडे वळू पाहतात. पहिलीला आपण अडाणी म्हणतो, दुसरीला हट्टी. दोघींचे प्रश्न एकत्र मांडले जात नाहीत, पण ते एकाच मुळाशी जातात. कळा सुरू झाल्यापासून वार पडून दोन तास उलटेपर्यंत बाईजवळ कोण आहे, तिला काय येतं आणि काही बिघडलंच तर किती वेळात मदत मिळते, ही ती मुळाची गोष्ट आहे.

जुन्या घरच्या बाळंतपणाबद्दल आज दोन टोकांनी बोललं जातं. एक टोक ते नरक होतं असं सांगतं, दुसरं ते सुवर्णयुग होतं असं. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे फिलाडेल्फियात डॉक्टर होताना १८८६ साली त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. घरी होणाऱ्या बाळंतपणात काय जातं हे त्या स्वतः भोगून शिकल्या होत्या आणि तरीही आपल्याकडच्या जुन्या ज्ञानाकडे पाठ फिरवावी असं त्यांना वाटलं नाही. हीच दुहेरी नजर इथे हवी.

सुईणीला बरंच येत होतं. ती बाईला आडवी पाडून ठेवत नसे. उभं राहा, चाल, खांबाला धर, उकिडवी बस, असं सांगे. कमरेला तेल लावून चोळे. कळा संथ असल्या तर पेज, गुळाचं पाणी देई. आई, आत्या, जाऊ अशी हक्काची माणसं भोवती असत. पुष्कळ ठिकाणी वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही असा रिवाज होता. नंदुरबारसह देशातल्या चार जिल्ह्यांत ‘जीवा’ या अभ्यासगटाने सुइणींच्या पद्धती नोंदवल्या, तेव्हा बाळ रडलं नाही तर नाळ न तोडता वार शेकून त्याला हुशारीत आणण्याची रीतही समोर आली. आजचं विज्ञान यातल्या बऱ्याच गोष्टींच्या बाजूने आहे. नाळ निदान मिनिटभर तरी कापू नये, म्हणजे बाळाला रक्त आणि लोह अधिक मिळतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कळांच्या काळात बाईने हिंडतंफिरतं राहावं, तिला खाऊपिऊ द्यावं, तिच्या पसंतीचं माणूस सतत जवळ असावं, हेही तिच्याच शिफारशींत आहे. सोबतीबद्दलचा पुरावा तर फार पक्का आहे. सोबत असली की सिझेरियन कमी होतात आणि बाईची आठवण कडवट राहत नाही.

पण त्याच सुईणीच्या हातून पोट दाबलं जाई. विळ्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापली जाई, नाळेवर शेण किंवा राख लावली जाई. पहिला चीक फेकून बाळाला मधाचं बोट चाटवलं जाई, जन्मल्याबरोबर त्याला अंघोळ घातली जाई. धनुर्वाताने आठव्या-नवव्या दिवशी बाळ जाई आणि दोष सटवाईच्या माथी जाई. गर्भारपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, साबणाने धुतलेले हात अशा साध्या गोष्टींनी हा आजार इतका मागे हटला, की २०१५ साली भारत माता-बालकांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचं अधिकृतपणे ठरलं. या यशात प्रशिक्षण घेतलेल्या हजारो सुइणींचा वाटा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

घरच्या बाळंतपणात नेमकं काय आणि किती वेळा बिघडतं, याची सर्वांत मोलाची नोंद आपल्याच राज्यातून आली आहे. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरी बाळंत होणाऱ्या ७७२ बायकांची, कळा सुरू झाल्यापासून पुढचे काही आठवडे, गावातल्याच प्रशिक्षित बायकांकरवी पाहणी केली. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणींना काही ना काही त्रास झाला. दहांतल्या एकीच्या कळा फार लांबल्या, शंभरातल्या चौघींचं बाळ सरळ डोक्याकडून आलं नाही, तिघींना बाळंतपणानंतर लगेच जास्त रक्त गेलं. संशोधकांचा हिशेब असा की घरी बाळंत होणाऱ्या सुमारे १५ टक्के जणींना तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज पडू शकते, आणि तातडीची नसलेली पण डॉक्टरी मदत धरली तर सुमारे एक तृतीयांश बायकांना ती लागते.

हा आकडा दोन्ही अंगांनी वाचायला हवा. शंभरातल्या ८५ जणींना तातडीच्या मदतीची गरज नाही, म्हणजे बाळंतपण हा आजार नव्हे, हे म्हणणं खरं आहे. उरलेल्या पंधरा कोण, हे मात्र सकाळी कळा सुरू होताना सांगता येत नाही. सगळ्या तपासण्या चांगल्या, रक्त बारा, बाळ डोक्याकडून, आधीची दोन बाळंतपणं सुखरूप, अशी बाई रात्री त्या पंधरांत असू शकते.

रक्तस्रावाचंच पाहा. दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की ती जिथे चिकटली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करणारा एकच उपाय शरीराकडे असतो: गर्भपिशवीच्या स्नायूंनी आवळून घट्ट गोळा होणं. पिशवी सैल पडली तर दोनेक तासांत बाई जाऊ शकते. म्हणूनच बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. ते साठवायला थंडावा लागतो आणि टोचायला प्रशिक्षित हात लागतो. जिथे दोन्ही नाही तिथे काय करायचं, याचं उत्तर बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने शोधलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर त्यांनी अभ्यास केला. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात झालं, नर्सताईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभरच्या धोरणांवर त्याची छाप पडली. त्याच संघाने बाईच्या खाली पसरायचं, खुणा केलेलं प्लॅस्टिकचं कापड तयार केलं. गेलेलं रक्त त्यात मोजता येतं. अंदाजाने पाहिलं तर रक्त नेहमीच कमी वाटतं, आणि तेवढ्यातच बाई हातची जाते.

बाळांच्या बाबतीत ‘सर्च’ने आणखी पुढचं दाखवलं. १९९३ ते १९९८ या काळात त्याच ३९ गावांत त्यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ श्वास घेत नसेल तर पिशवी-मुखवट्याने हवा देणं, अशक्त बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन टोचणं, हे सगळं त्या झोपडीत करू लागल्या. बाळंतपणं बहुतेक घरीच होत होती. तरी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशाताई आज घरोघर जाऊन नवजात बाळ तपासते ती योजना याच कामातून उभी राहिली. बाळंतपणाची जागा न बदलता, फक्त तिथला जाणता हात बदलून किती होऊ शकतं, याचा याहून मोठा दाखला माझ्या पाहण्यात नाही. मात्र आईच्या बाबतीत एवढं साधत नाही, कारण रक्त चढवणं आणि सिझेरियन झोपडीत होत नाही.

सरकारने या दोन धड्यांतला दुसरा उचलला. सुइणींना शिकवण्याचे कार्यक्रम मागे पडले आणि २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत झालं तर पैसे मिळू लागले. महाराष्ट्रासारख्या राज्यात ग्रामीण गरीब बाईला ७०० रुपये. २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं मोफत केलं. पुढे १०८ ची रुग्णवाहिका आली. २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. केरळ १९ वर होतं. या घसरणीत दवाखान्यातल्या बाळंतपणाचा हात आहे यात मला शंका नाही. तरी नुसतं दवाखान्यात आणून निजवलं की जीव वाचतो, असं होत नाही. भारत रणदिवे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नऊ राज्यांतल्या जिल्ह्यांचे आकडे तपासले, तेव्हा जिथे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली तिथे मातामृत्यू त्या प्रमाणात कमी झाल्याचं दिसलं नाही. ज्या केंद्रात रात्री डॉक्टर नाही, रक्तपेढी ६० किलोमीटरवर आहे, तिथे भिंती पक्क्या असल्या म्हणून बाई वाचत नाही.

आणि या दवाखान्यात बाईला वागणूक कशी मिळते? घरच्या बाळंतपणाकडे वळणाऱ्या सुशिक्षित बायकांचा सगळा राग इथून येतो. तो राग निराधार नाही. टेबलावर उताणं निजवायचं, पाय अडकवायचे, आईला-सासूला दाराबाहेर उभं करायचं, ओरडली तर खेकसायचं, न विचारता खाली छेद द्यायचा. पहिलटकरणीला तर काय चाललंय हे कुणी सांगतही नाही. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेने प्रसूतिकक्षातल्या या हिंसेवर काम केलं आहे. सरकारलाही ते कळलं म्हणून २०१७ च्या अखेरीस ‘लक्ष्य’ हा प्रसूतिकक्ष सुधारण्याचा कार्यक्रम आला आणि त्यात सन्मानाने वागवण्याचा उल्लेख आला. कागदावरून खाटेपर्यंत तो अजून सगळीकडे पोचलेला नाही.

दुसरं कारण सिझेरियनचं. महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये शंभरातली वीस बाळंतपणं सिझेरियनने होत होती, २०१९-२१ मध्ये पंचवीस. तेलंगणात ६० च्या वर. देशभर सरकारी दवाखान्यात हे प्रमाण १४ टक्के आणि खाजगीत ४७. लोकसंख्येच्या पातळीवर दहा टक्क्यांच्या वर सिझेरियन गेल्याने आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट म्हटलं. खाजगी डॉक्टरला पैशासाठी कापाकापी करणारा म्हणणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. तालुक्याच्या गावात एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ दवाखाना चालवतो. पहिलटकरणीच्या कळा बारा-पंधरा तास चालतात. तितका वेळ तिच्याजवळ बसणारी, बाळाचे ठोके ऐकणारी शिकलेली दाई त्याच्याकडे नसते. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो, तो रात्री दोनला येईल याची खात्री नसते. काही वाईट झालं तर नातेवाईक काचा फोडतात. अशा वेळी संध्याकाळी सात वाजता सिझेरियन करून टाकणं त्याला सुरक्षित वाटतं. कधी घरचीच मंडळी मुहूर्त काढून आणतात.

यात जुन्या घड्याळाचीही चूक आहे. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली कळांच्या प्रगतीचा आलेख मांडला आणि त्यातून दर तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलंच पाहिजे असा नियम जगभर रूढ झाला. जी मागे पडली तिला ‘प्रगती नाही’ असा शिक्का बसे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा नियम काढून टाकला. खऱ्या जोराच्या कळा पाच सेंटिमीटरपासून धराव्यात आणि आई-बाळ ठीक असतील तर नुसता वेळ लागतो म्हणून हात घालू नये, असं तिने सांगितलं. सुईणीकडे घड्याळ नव्हतं, धीर होता. हा धीर आता पुराव्यासकट परत आला आहे, आपल्या प्रसूतिकक्षांत मात्र त्याला जागा मिळायची आहे.

मग घरीच का नको? इथे बहुतेक वेळा हॉलंड आणि इंग्लंडची उदाहरणं दिली जातात, म्हणून ती नीट पाहू. हॉलंडमध्ये १९६० च्या दशकात सुमारे दोन तृतीयांश बाळंतपणं घरी होत. आज ती सहा-सातांतलं एक इतकीच उरली आहेत. इंग्लंडमध्ये २०११ साली ६४,५३८ कमी जोखमीच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांसाठी घर आणि रुग्णालय यांत बाळाच्या धोक्यात फरक दिसला नाही, उलट घरी शस्त्रक्रिया आणि छेद फार कमी झाले. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू होण्याचं प्रमाण घरी हजारी ९.३ होतं, रुग्णालयात ५.३. शिवाय घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात ४५ जणींना मध्येच रुग्णालयात हलवावं लागलं. म्हणून तिथली मार्गदर्शक सूचना पहिलीला दाईने चालवलेलं प्रसूतिकेंद्र सुचवते आणि दुसरेपणाला घरही योग्य मानते.

या आकड्यांमागे जे उभं आहे ते आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये घरी येणारी दाई म्हणजे पदवीधर, नोंदणीकृत आणि सरकारी आरोग्यसेवेत काम करणारी. तिच्या पिशवीत ऑक्सिटोसिन, बाळाला श्वास देण्याचं साधन, टाके घालण्याचं सामान असतं. कोणत्या बाईने घरी बाळंत व्हायचं नाही याची यादी ठरलेली असते. एक फोन केला की रुग्णवाहिका येते आणि रुग्णालयात तिला कुणी ‘आधी कुठे होतात?’ असं विचारत नाही. अमेरिकेत हे धागे सैल आहेत. ओरेगॉन राज्यातल्या २०१५ च्या अभ्यासात रुग्णालयाबाहेर ठरवून झालेल्या बाळंतपणांत बाळं दगावण्याचं प्रमाण हजारी ३.९ होतं, रुग्णालयात १.८. म्हणजे घर तेच, पण मागे व्यवस्था नसली की धोका दुप्पट.

आणि जिथे कोणीच जाणतं नसतं तिथे काय होतं, ते आपल्या देशात दिसलं आहे. जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये व्हिडिओ पाहून घरी बाळंतपण करण्याच्या प्रयत्नात एक तरुण आई गेली. एप्रिल २०२५ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये पाचव्या खेपेला घरी बाळंत झालेली बाई रक्तस्रावाने गेली. ज्या केरळचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये देशात सर्वांत कमी होता, त्याच केरळात. दोन्ही मृत्यू टळणारे होते.

नवव्या महिन्याच्या शेवटी आणखी एक पेच येतो. तारीख उलटते. कळा नाहीत. घरात रोज फोन येतात, ‘काय, झाली का सुटका?’ दिवस पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० मोजायचे, हे ‘नऊ महिने नऊ दिवस’ या आपल्या जुन्या हिशेबाशी बरंच जुळतं. पण नेमक्या त्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळं येतात. तारीख उलटणं म्हणजे काही बिघडणं नव्हे. मुळात तारीख बरोबर आहे का, हे आधी पाहावं. ‘पोळ्याच्या आधी पाळी आली होती’ एवढ्यावर काढलेली तारीख दोन आठवडे चुकू शकते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सर्वांत भरवशाची.

पण वाट किती पाहावी यालाही सीमा आहे, आणि नैसर्गिकतेचा आग्रह धरणारे इथेच चुकतात. ४१ आठवड्यांनंतर वार थकू लागते, बाळ पोटात दगावण्याचा धोका थोडा थोडा वाढत जातो. स्वीडनमध्ये अर्ध्या बायकांच्या कळा ४१ आठवड्यांना औषधाने आणल्या, अर्ध्यांना ४२ पर्यंत थांबवलं. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्यात एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात असं सांगते. कळा आणल्या की सिझेरियन होतंच, ही समजूतही खरी नाही. २०१८ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ३९ आठवड्यांना कळा आणलेल्या पहिलटकरणींत सिझेरियन १८.६ टक्के होतं, वाट पाहणाऱ्यांत २२.२. अट एवढीच की कळा आणल्यावर पुरेसा वेळ द्यायला हवा. सकाळी सलाईन लावायचं आणि संध्याकाळी ‘प्रगती नाही’ म्हणायचं, असं केलं तर तो उपचार राहत नाही.

या दिवसांत घरी राहणाऱ्या बाईने बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवावं. हालचाल मंदावली, डोकं सणकून दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले, चेहरा सुजला, अंगावरून रक्त गेलं, किंवा पाणमोट फुटून हिरवट पाणी आलं, तर कळांची वाट न पाहता निघावं. कळा याव्यात म्हणून मनाने एरंडेल पिऊ नये. गावातल्या बोगस डॉक्टरकडून कळांचं इंजेक्शन तर कधीच घेऊ नये. पिशवी फाटून बायका गेल्या आहेत. आधीचं सिझेरियन असेल, जुळं असेल, बाळ पायाळू किंवा आडवं असेल, रक्तदाब किंवा साखर वाढलेली असेल, तर घराचा विचार मनातून काढून टाकावा.

आता पुन्हा त्या पाच टक्क्यांकडे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. खाटेची डोली करून, चिखलातून बाईला न्यावं लागतं. २०२२ च्या पावसाळ्यात मोखाड्यातल्या एका पाड्यावर सातव्या महिन्यात घरी जुळी झाली, दोन्ही गेली, आणि आईला झोळीत घालून दगडगोट्यांतून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचाराला उशीर, असे तीन उशीर १९९४ साली थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी मांडले. आपल्या डोंगरी तालुक्यांत आजही तिन्ही आहेत. म्हणून दिवस भरत आले की बाईने दवाखान्याच्या आवारातच येऊन राहावं, सोबत आई किंवा सासू आणि धाकटं मूल आणावं, यासाठी राज्याने आदिवासी भागात ‘माहेरघर’ ही योजना काढली. कल्पना फार चांगली आहे. पण शेतीच्या ऐन हंगामात दहा दिवस घर सोडायचं, गुरं आणि इतर मुलं कुणाच्या भरवशावर ठेवायची, तिथे स्वतःच्या चवीचं जेवण नाही, माडिया किंवा कोरकू बोलणारं कुणी नाही, वार घरच्या रीतीने पुरता येत नाही, या प्रश्नांना उत्तर दिलं तरच त्या खोल्या भरतात. मेळघाटात बाई आधी भूमकाकडे, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूकडे जाते. त्याला हाकलून काही साधत नाही, त्याला सोबत घेतलं तर तोच ‘हिला दवाखान्यात ने’ म्हणतो.

माझं मत सांगायचं तर, आजच्या महाराष्ट्रात ठरवून घरी बाळंत व्हावं असं मी कुणा पहिलटकरणीला सांगणार नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही, कारण तिला घरी हवी ती शिकलेली दाई आणि मागे हवी ती रुग्णवाहिका आपण उभी केलेली नाही. पण घरात जे मिळत होतं ते दवाखान्यात मागण्याचा तिचा हक्क आहे, आणि तो देता येतो. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने दाईसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. परिचारिकांना दीड वर्षाचं जादा शिक्षण देऊन साधी बाळंतपणं स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या दाया तयार करायच्या, असं त्यात आहे. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने ही वाट २०११ पासून चालून दाखवली आहे. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अशी दाई यायला हवी. तिच्यासाठी पद, पगार आणि अधिकार हवा. ज्या म्हाताऱ्या सुइणी अजून हयात आहेत त्यांना बाळंतिणीची सोबतीण म्हणून प्रसूतिकक्षात मानाने जागा द्यायला हवी.

तोवर, जिचे दिवस भरत आले आहेत तिने आणि तिच्या घरच्यांनी सातव्या-आठव्या महिन्यातच दवाखान्यात जाऊन विचारावं. कळांच्या वेळी माझ्याजवळ माझं माणूस राहू शकेल का? मला चालू-फिरू द्याल का? छेद सगळ्यांनाच देता का? रात्री भूलतज्ज्ञ येतो का? रक्त कुठून येतं आणि किती वेळ लागतो? उत्तरं टाळणारा दवाखाना, अजून वेळ आहे तोवर, बदला. १०८ चा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, गाडी कुणाची आणि रात्री कोण चालवणार हे आजच ठरवा, आणि घरात तिच्याच रक्तगटाची दोन माणसं कोण आहेत ते शोधून ठेवा.